आत्म्याला वायफाय कशाला?

त्या रविवारी घाटकोपरच्या टेकडीवरच्या त्या बिल्डिंगीत लिफ्टला तिसऱ्या मजल्याशिवाय दुसरा मजलाच उरला नव्हता. चपलांचा ढीग दारातून निघून जिन्यापर्यंत पोहोचला होता. आत हॉलमध्ये माणसं दिवाणावर, खिडकीच्या कट्ट्यावर, दोघी तर चक्क वॉशिंग मशीनवर बसल्या होत्या. आणि सगळ्यांच्या नजरा एका जुन्या कॉम्प्युटरवर. त्याच्या मॉनिटरला झेंडूचा हार, कीबोर्डवर लाल कापड, आणि माउस ताम्हनात, तांदळाच्या राशीवर. बिचाऱ्या माउसला जन्मात एवढा मान मिळाला नसेल!

"बघून घ्या सगळ्यांनी," चंद्रप्रकाश गुरुजी म्हणाले. "माउसला कोणाचा स्पर्श नाही. कीबोर्ड झाकलेला. नंतर म्हणाल गुरुजींनी काहीतरी केलं."

गुरुजींचा डावा हात मांडीवर होता. उजवा गोमुखीत, म्हणजे जपाची माळ झाकायच्या त्या कापडी पिशवीत. ओठ पुटपुटत होते. स्क्रीनवर चित्र काढायचं पांढरं पान उघडं होतं. एक विमान छपराला घासल्यासारखं गेलं, त्या आवाजात सगळे गप्प झाले, आणि तेवढ्यात बाण हलला. आपोआप! थरथरत, अडखळत त्याने एक काळी रेघ ओढली, मग दुसरी. वाकडीतिकडी अक्षरं उमटली.

"अगो बाय, माझ्या झिलान लिवल्यान!" म्हाताऱ्या प्रेमाबाईंनी गेलेल्या लेकाला हाका मारत हंबरडा फोडला. "खंय आसस रे बाबा?"

हॉलमधल्या अर्ध्या बायकांनी पदर डोळ्यांना लावले. पुरुषांनी मोबाइल वर केले. फक्त एक बाई नुसती बघत होती. ती दर्शना. जो मेला होता तो सुशांत तिचा नवरा, आणि स्क्रीनवर जे नाव लिहिलं होतं ते तिचं.

सुशांत घरूनच फ्लेक्सचे बोर्ड डिझाइन करायचा. वाढदिवसाच्या शुभेच्छा, मंडळांचे कार्यक्रम, श्रद्धांजल्या, सगळं याच कॉम्प्युटरवर. मार्चमधल्या एका दुपारी बोर्ड पोहोचवायला म्हणून मालाडला गेला आणि तिथेच छातीत कळ येऊन पडला. तेव्हापासून दर्शनाचं आतलं काहीतरी बंद पडलं होतं. ती उठायची, चहा करायची, तो गार व्हायचा. रडू यावं असं सगळ्यांना वाटत होतं, तिला सोडून. दवाखान्यातल्या रिसेप्शनची नोकरी होती, ती रजेवर रजा टाकत चालली होती. लोक भेटायला येऊन म्हणायचे, तो देवाघरी गेला, तो इथेच आहे, तो बघतोय. ती मान हलवायची.

त्यात दहाव्याला पिंडाला कावळा शिवला नाही. घाटावर कबुतरांनी एवढा धिंगाणा घातला होता की कावळा कशाला फिरकतोय! शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून वेळ मारून नेली. पण प्रेमाबाईंच्या डोक्यातून काही ते जाईना. माझ्या झिलाची इच्छा अडकली, म्हणून त्या दिवसरात्र सुनेच्या मागे.

मग कॉम्प्युटर रडतखडत चालायला लागला आणि शेजारच्या नंदूने चंद्रप्रकाशला आणलं. हा माणूस कॉम्प्युटर दुरुस्त करायचा आणि बाधाही उतरवायचा. एका बिलात दोन्ही. त्याने वायफायचा पासवर्ड मागून घेतला, पेनड्राइव्ह लावला, डोळे मिटले आणि म्हणाला, "यात कोणीतरी आहे."

त्याची बडबड ऐकण्यासारखी असायची हां! "अहो, व्हायरस म्हणजे काय? बाधा! ट्रोजन म्हणजे ब्रह्मराक्षस, आत शिरतो तो पाहुणा बनून. स्पायवेअर म्हणजे नजर. आणि बाजारातले अँटिव्हायरस? नुसते ताईत, मंत्राशिवाय! माझं कवच सिद्ध केलेलं आहे. त्यापुढे लक्ष्मणरेषेची पण गरज नाही, म्हणून मी तुमची फायरवॉल बंद केली." घरात शिरल्या शिरल्या कडी काढणाऱ्याला एरवी आपण चोर म्हणतो. इथे लोकांनी हात जोडले.

आणि आज, त्या भरलेल्या हॉलमध्ये, गुरुजींनी निकाल दिला. "जीव डब्यात अडकलाय. त्याला मुक्ती हवी. पुढच्या रविवारी डबा पूर्ण कोरा करायचा. एक फाइल ठेवायची नाही."

"त्याचे फोटो आहेत त्यात," दर्शना म्हणाली. "आवाज आहे. मला डिझाइनचं शिकवताना त्याने रेकॉर्ड केलं होतं. कॉपी काढून ठेवली तर?"

"कॉपी ठेवलीत तर अर्धा जीव इथे, अर्धा तिकडे! चालेल?"

प्रेमाबाईंनी सुनेचा दंड घट्ट धरला. दर्शनाने स्क्रीनकडे पाहिलं आणि म्हणाली, "तुम्ही म्हणाल तसं."

"गुरुजी, आमच्याकडे पण कवच बसवा ना," नंदू म्हणाला. मग काय, सगळा मजला मागे लागला.

शनिवारी श्वेता आली. सुशांतची धाकटी बहीण, मुलुंडच्या एका शाळेत कॉम्प्युटर शिकवते. फोनवर आईने सगळं सांगितलं तेव्हा आधी तिने आईला झापलं होतं, मग फोन ठेवून रडली होती. आली ती सरळ खुर्ची ओढून कॉम्प्युटरसमोर बसली. हार काढून खुंटीला लावला, ताम्हनातला माउस उचलला आणि त्यात अडकलेले तांदूळ झटकले.

"वहिनी, तुझ्या बँकेचं काम पण यावरच करतेस ना?"

"हो."

"मग बाई, वाट लागली म्हण. यात अँटिव्हायरस नाहीच. होता तो त्याने बंद केलाय. हे कवच म्हणजे दुसऱ्याला लांबून हा कॉम्प्युटर चालवू देणारा प्रोग्राम आहे. बाण दादा हलवत नाही, तो गुरुजी हलवतो, आणि तुझ्या बँकेचा पासवर्डही त्याला दिसतो."

दर्शना स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून नणंदेकडे बघत होती. श्वेताचा आवाज चढला. "ऐकतेयस ना? उद्या तो सगळं पुसणार आहे. का माहितीये? म्हणजे त्याचा हा प्रोग्राम पण पुसला जाईल आणि कोणी त्याला पकडू शकणार नाही. दादाचा आवाज जाईल गं! कायमचा!"

"रफार चुकला होता," दर्शना म्हणाली.

"काय?"

"माझ्या नावातला. दर्शनामधला रफार 'श'वर असतो. त्याने 'ना'वर दिला. दशर्ना." तिने हे भाजीचा भाव सांगावा तसं सांगितलं. "सुशांतने रफार कधी चुकवला नाही. कोणाचा चुकलेला दिसला की रस्त्यात थांबून शिव्या द्यायचा. पहिल्याच दिवशी माझ्या लक्षात आलं."

श्वेताने माउस खाली ठेवला. "मग बोलली का नाहीस?"

"म्हटलं, असेल. हात नाहीत ना आता त्याला." दर्शना खाली बसली. "बाण हलतो तेव्हा बरं वाटतं मला. बाकी दिवसभर काहीच वाटत नाही, श्वेता. खोटं असलं तरी हलतो ना."

श्वेता शिकवणारी बाई होती. तिने खुर्ची वहिनीकडे वळवली.

"बरं, ऐक. मी उद्या भांडणार नाही. कवच आहे तिथेच राहू दे. मी फक्त फायरवॉल सुरू करते. ती म्हणजे आपल्या गेटवरचा वॉचमन. बाहेरून कोणी आला की वर फोन करून विचारतो, सोडू का? आणि अँटिव्हायरस म्हणजे आत शिरलेल्याची झडती घेणारा. घरी दोन्ही पाहिजेत. नावाजलेल्या कंपनीचा घ्यायचा, तिच्याच साइटवरून, एकच घ्यायचा, आणि अपडेट बंद पाडायचं नाही. संपलं. त्यात सिद्धी-बिद्धी काही नसते. झडतीवाल्याला मी उद्या संध्याकाळी लावते. आत्ता फक्त वॉचमन."

"त्याने त्याचा रस्ता बंद होईल का?" दर्शनाने विचारलं. कुणाचा, ते तिने सांगितलं नाही.

"दादा असेल तर त्याला कशाला लागतोय वायफायचा रस्ता? तो असेल तर वॉचमनने अडवलं तरी लिहील. आणि वॉचमनने विचारलं की हो का नाही ते तूच सांग. मी हात लावणार नाही."

मग दर्शना म्हणाली, "कर."

रविवारी गर्दी आधीच्यापेक्षा दुप्पट. पुन्हा हार, पुन्हा ताम्हन. आज तर नंदूने पेढे आणून ठेवले होते. श्वेताला कोपऱ्यात बघून गुरुजी हसले, "या ताई, शिकलेल्यांनी पण बघावं." दर्शनाला त्यांनी कॉम्प्युटरच्या शेजारी पाटावर बसवलं. गोमुखीत हात गेला. मंत्र सुरू झाला.

बाण काही हलेना.

त्याऐवजी स्क्रीनच्या मधोमध एक चौकोन आला. श्वेताने तो मोठ्याने वाचला. "'कवच नावाच्या प्रोग्रामशी बाहेरचं एक यंत्र जोडू पाहत आहे. परवानगी द्यायची का?' खाली 'हो' आणि 'नाही'."

"बाधा! बाधा आली!" गुरुजी किंचाळले. "हो म्हणा, लवकर हो म्हणा!"

दर्शनाने ताम्हनातला माउस उचलला. हो दाबलं. चौकोन गेला आणि लगेच बाण सरकायला लागला. लोकांनी जयजयकार केला. बाणाने वाकडा द काढला. दर्शना तो बघत राहिली. तिला उठून कोणाला काही सांगायचं नव्हतं, कोणाला पकडून द्यायचं नव्हतं. अजून थोडं हलू दे, एवढंच वाटत होतं. मग रफार आला. पुन्हा 'ना'वर.

"श्वेता," ती म्हणाली, "नाही कुठून म्हणायचं?"

श्वेताने स्क्रीनच्या कोपऱ्यातल्या वॉचमनच्या खुणेवर बोट ठेवलं. दर्शनाने तिथे जाऊन 'नाही' दाबलं. बाण जागच्या जागी थिजला. मंत्राचा आवाज वाढला, गोमुखी गदागदा हलायला लागली, पण बाण ढिम्म. आणि मग त्या पवित्र पिशवीतून आवाज आला: टुंग! पुन्हा टुंग!

"गुरुजी, माळ वाजते तुमची," श्वेता म्हणाली. "हात बाहेर काढा आणि उघड्या हाताने जप करा. मंत्र तोच आहे ना?"

"गोमुखीतला हात दाखवायचा नसतो! शास्त्र आहे!"

"खंयचा शास्त्र?" प्रेमाबाई उठल्या. गुडघे धरत उठल्या, पण पोहोचल्या झटक्यात. सगळी हयात मासळीबाजारात घासाघीस केलेली बाई ती. तिने गोमुखी अशी हिसकली की गुरुजींचा हात रिकामाच बाहेर आला. पिशवी उलटी केली. माळ नव्हतीच. मोबाइल पडला, पेढ्यांच्या ताटात. त्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: जोडणी तुटली.

लोकांनी माना उंचावून ताटात पाहिलं.

श्वेताने मोबाइल उचलला. "वहिनी, एकदा हो म्हण. आई, इकडे ये. अंगठा ठेव इथे काचेवर. आता सरकव."

प्रेमाबाईंनी अंगठा सरकवला. समोर बाण सरकला. त्यांनी परत सरकवला, परत बाण सरकला. अंगठा थांबला की तोही थांबायचा.

"म्हणजे ह्या मीया पण करूक शकतंय?" म्हातारी हळूच म्हणाली आणि मोबाइल धरून तशीच खाली बसली. आजवर फोडलेल्या हंबरड्यांपेक्षा हे बघवत नव्हतं.

चंद्रप्रकाश दाराकडे निघाला होता, पण चपला सापडेपर्यंत नंदूने त्याची कॉलर धरली. सगळ्यात मोठ्याने गुरुजी गुरुजी करणारा नंदू आता सगळ्यात मोठ्याने शिव्या देत होता. ते मात्र कुठल्याही काळात बदलत नाही.

पोलिसांना फोन गेला. श्वेताने जिन्यात ओरडून सांगितलं, "ज्यांच्या ज्यांच्या घरी कवच घातलंय, त्यांनी आधी वायफाय बंद करा! मग मी येते. आणि कोणी देव दाखवला, भूत दाखवलं, तर पाया पडायच्या आधी वायर काढून बघा. वायर काढल्यावर जो पळतो तो देव नसतो!"

हसत, कुरकुरत, एकमेकांना मी आधीच म्हणत होतो सांगत लोक उतरले. हॉल रिकामा झाला. श्वेता आत आली तेव्हा दर्शना अजून पाटावरच होती.

"म्हणजे तो यात नाही."

"नाही."

"मग कुठे आहे?"

श्वेताला पटकन काहीतरी गोड सांगता आलं असतं. सगळे तेच तर सांगत आले होते. ती वहिनीसमोर फरशीवर बसली, तिचा हात हातात घेतला.

"कुठेच नाही गं. दादा मेला."

एवढे दिवस हे दोन शब्द कोणी तिच्यासमोर उच्चारले नव्हते. खोट्याच्या पायी माणूस फसतो हे आपण सांगतोच, पण तो दुःखालाही मुकतो, हे कोणी सांगत नाही. म्हणून ज्याचं माणूस गेलंय त्याला तरी खरं सांगा. दयेपोटीसुद्धा खोटं सांगू नका, कारण त्याच फटीतून असले गुरुजी आत शिरतात.

दर्शनाने मान हलवली. मग तिचा चेहरा हळूहळू वाकडा झाला, आणि मार्चपासून पहिल्यांदा ती रडली.