उर्वशीच्या मोबाईलमधला दौलत

त्या सकाळी मी उर्वशीच्या तळहातावर होतो. गावच्या पाण्याच्या टाकीखाली रेंज येते, तिथे आम्ही बसलो होतो. घरी तिची आई, बायनाबाई, अंगण झाडत होती. वडील देवाजी पहाटेच मोहफुलं वेचायला जंगलात गेले होते. रोजच्यासारखीच सकाळ. मी एक स्वस्तातला मोबाईल. देवाजींनीच मला सिंदेवाहीच्या दुकानातून लेकीच्या अभ्यासासाठी आणलं होतं, आणि त्या वेळी मी तिला कोरियातली एक चित्रकथा दाखवत होतो.

मी वाजलो. पलीकडे शेजारचे गुणवंतराव होते.

"उर्वशी, मायले घेऊन घरीच राह्य. आमी येऊन राह्यलो."

"काका, बाबा कुठी हायेत?"

गुणवंतरावांच्या मागे माणसं डबे वाजवत होती, ओरडत होती. जंगलाकाठच्या गावात डबे कशासाठी वाजवतात, हे कोणाला विचारावं लागत नाही. वाघाने देवाजींना त्यांच्याच मोहाच्या झाडाखाली धरलं होतं.

पुढचे कित्येक दिवस घर माणसांनी भरलेलं होतं. उर्वशी कोपऱ्यात बसून माझ्यात उतरवून ठेवलेले भाग वाचत राहायची. येणाऱ्या बाया कुजबुजायच्या, "बाप गेला, न् पोट्टी मोबाईलात!" शेवटी बायनाबाईने मला तिच्या हातातून घेतलं आणि धानाच्या कोठीत खोल दाबून ठेवलं. तिथल्या तुसाची धूळ माझ्या स्पीकरमध्ये शिरली. माझा आवाज तेव्हापासून घोगरा आहे.

उर्वशीने भांडण केलं नाही, मला मागितलंही नाही. जेवण मात्र टाकलं. मग एका दुपारी कोठीत हात घालून बायनाबाईने मला बाहेर काढलं, पदराने पुसलं आणि लेकीसमोर धरलं.

"दाखव मले. काय हाये यात एवढं?"

आता यात काय होतं, ते मीच सांगतो, कारण माझ्याइतकं जवळून ते कोणी पाहिलेलं नाही. सोल शहरात घरोघरी सामान पोचवणारा एक पोरगा. एका साध्या दिवशी अख्ख्या शहराचं रान होतं आणि रस्त्यावर राक्षसी जनावरं उतरतात. पोराच्या डोळ्यांसमोर हवेत एक चौकट उघडते. समोर कोणतं जनावर आहे, त्याची ताकद किती, तुझी किती, जगायचं असेल तर आता काय कर, सगळं तीत लिहिलेलं असतं. तो सगळ्यांत दुबळा. पण प्रत्येक संकटातून निभावला की त्याची पातळी एकाने वाढते. आणि मेलाच, तर पुन्हा त्याच पहिल्या सकाळी जागा होतो, शिकलेलं सगळं ध्यानात ठेवून.

लोकांना वाटतं, पोरं मारामारीसाठी हे वाचतात. मला खरं ते अंगठ्यावरून कळतं. मारामारी आली की उर्वशीचा अंगठा भराभर वर सरकायचा. तो थांबायचा चौकटीवर. तिथे संकट आधी आपलं नाव सांगतं. आमच्याकडे जंगलात वाघाचं नावसुद्धा घेत नाहीत, 'जनावर' म्हणतात, आणि ते यायच्या आधी हवेत काहीही लिहून येत नाही. तिथे दुबळ्याने केलेली मेहनत कुठेतरी धरली जाते. आकड्यात दिसते. मला विचाराल तर सगळी ओढ एवढ्यात आहे.

उर्वशी इंग्रजीतून वाचायची आणि आईला आपल्या बोलीत सांगायची. बायनाबाई पळसाच्या पानांच्या पत्रावळ्या टाचत ऐकायची. शेजारची सुकरीही येऊन बसू लागली.

"या पोट्ट्याचं नाव काय?" बायनाबाईने विचारलं.

"दो-यून."

"काय वं असं नाव! मी त्याले दौलतच म्हनीन. दौलतची माय कुठी हाये?"

"गोष्टीत नाई दाखवली."

"मंग त्याले रांधून कोन देते?"

"तो मारलेली जनावरं भाजून खाते."

"मिठाबिगर?" सुकरीने तोंडाला पदर लावला. "म्हनूनच वाळला वं तो!"

असा दौलत त्या घरात रुळला. तो हरला की बायनाबाई त्याला शिव्या घाली, जिंकला की "शाना हाये" म्हणे. पण तो पहिल्यांदा मेला आणि पुन्हा त्याच सकाळी उठून बसला, तेव्हा तिच्या हातातली काडी पानातच राहिली.

"तुले भेटली अशी सकाळ, तं काय करशीन?"

"बाबाले जाऊ नाई देनार."

"तो आयकला असता तुह्यं?"

माझ्या काचेवर उर्वशीच्या डोळ्यांतलं पाणी पडलं. वडील गेल्यापासून ती रडली नव्हती.

"नाई," ती म्हणाली, आणि रडता रडता हसली. "नाईच आयकला असता."

त्या दिवशी ती पोटभर जेवली.

वर्ष फिरलं, मोह पुन्हा टपकू लागला. आमच्या गावात प्रत्येक घराचं मोहाचं झाड ठरलेलं असतं. एकाच्या झाडाखालचं फूल दुसरा उचलत नाही. देवाजींच्या झाडाखाली फुलांचा सडा पडून सडत होता. बायनाबाईने टोपली काढली तशी उर्वशी दारात आडवी उभी राहिली.

"आपन नाई जायचं, माय."

"दौलत गुहेत लपला व्हता, तवा चौकटीत काय लिवून आलं व्हतं?"

उर्वशीने टोपलीचा काठ धरून ठेवला.

"लपलेल्याची पातळी वाढत नाई. तूच सांगतलं मले."

"ती गोष्ट हाये माय! मी मेली तं परत उठनार नाई. तूबी नाई."

"म्हनूनच एकली नाई जाऊन राह्यली," बायनाबाई म्हणाली. "दौलतच्या टोळीत एक जन नुसता पाठीकडं पायते. तसंच करू. सुकरी न् शेजारच्या बाया येतीन, समद्याइच्या झाडाखाली मिळून वेचू. वाकलेलं मानूस जनावराले मानूस नाई वाटत. चार जनी वाकतीन, एक उभी राहीन. तू उभी राह्य."

टोपली घेऊन आलेल्या सुकरीने टोमणा मारलाच, "उभी राहीन, पन डोये मोबाईलात राहतीन!"

"मोबाईल खिशात राहीन," उर्वशी म्हणाली, आणि दारातून बाजूला झाली.

माझी काच आता तडकली आहे, बॅटरी फुगते आहे. फार दिवस मी टिकणार नाही, आणि त्याचं मला काही वाटत नाही. एक मात्र सांगून ठेवतो. तुमच्या घरात कोणी माझ्यासारख्यात डोकं घालून बसलं असेल, तर मला कोठीत टाकण्याआधी शेजारी बसा आणि विचारा, "काय वाचतेस, मला सांग." एवढ्या एका प्रश्नाने आमचं घर उठून बसलं.

त्या सकाळी देवाजींच्या झाडाखाली मी उर्वशीच्या खिशात होतो. बाया एकमेकींना नावाने हाका मारत होत्या, उभ्या राहिलेल्या उर्वशीची पावलं हळूहळू गोल फिरत होती. वाळक्या पानांत काही वाजलं की ती आधी ओरडायची, बाया ताठ उभ्या राहायच्या, आणि रानडुक्कर पळालं की सुकरी त्याच्या सात पिढ्या काढायची. टोपल्या भरल्या. मग सुकरी झाडाच्या उगवतीच्या बाजूला वळली, जिथे देवाजी सापडले होते.

"तिकडं नोको," बायनाबाई हळूच म्हणाली.

सुकरी मागे फिरली. उन्हं वर येण्याआधी सगळ्या घरी निघाल्या. उगवतीच्या बाजूची फुलं कोणी वेचली नाहीत.