रिमच्या पट्टीवरचं अक्षर

"टायर बदला, मिस्त्री. ही आता मी चालवणार हाय."

विजयसिंह आबांनी सायकल दुकानाच्या पायरीला टेकवली आणि अल्ताफ मिस्त्रींच्या हातातला पाना हातातच राहिला. शाहूपुरीच्या या बोळात पस्तीस वर्षं त्यांनी सायकली दुरुस्त केल्या होत्या. पण ही एक सायकल पुन्हा दारात येऊ नये, असं त्यांना अकरा महिने मनापासून वाटत होतं.

सायकल मुळात आबांचीच. हिच्यावरून वीस वर्षं ते दूध संघात कामाला जात होते. मग ती माळ्यावर पडली. त्यांच्या एकुलत्या एका मुलानं, राजवर्धननं, ती खाली काढली, मडगार्ड-कॅरिअर उतरवून फ्रेम पिवळीधमक रंगवली आणि मिस्त्रींना म्हणाला, फिक्स करून द्या. फिक्स म्हणजे मागच्या चाकाला फ्री नाही. चाक फिरतंय तोवर पायडल फिरणार, वाटेत पाय थांबवायची सोय नाही.

"फ्री निघाला तवा लोकांनी पेढं वाटलं आसतील, आन तू काढून टाकाय लागलायस व्हय?" मिस्त्री तेव्हा पोट धरून हसले होते. पण पोरगं गोड होतं. रोज संध्याकाळी येऊन शेजारी बसायचं. मिस्त्रींनी नव्या रिममध्ये एकेक तार स्वतः ओवली आणि चाक जराही डगमगू नये म्हणून त्याचा आउट काढायला तीन दिवस घेतले. उभ्या जन्मात एवढं देखणं काम त्यांनी केलं नव्हतं.

"आबा, ह्या वयात फिक्स? पाय थांबवायचा न्हाय हिच्यावर."

"थांबवून तरी काय करू?" आबा म्हणाले.

मिस्त्रींनी सायकल उलटी केली. "जावा, घरला जाऊन या. तासाभरात करून ठेवतो."

"बसतो की हितंच. घरात कोण बोलणारं हाय?"

आबा स्टुलावर बसले. मिस्त्रींना हेच नको होतं, कारण टायर-ट्यूब काढली की रिमवरची कापडी पट्टी उघडी पडणार होती.

त्या पट्टीचा या दुकानात एक कायदा होता. मिस्त्रींचा सल्ला न ऐकणाऱ्या गिऱ्हाइकानं, ट्यूब चढवण्याआधी, पट्टीवर बॉलपेननं तसं लिहून सही करायची. उद्या भांडायला आला तर टायर काढून दाखवायला बरं! भांडायला आजवर कुणी आलं नव्हतं. पण मिस्त्रींना त्या कागदपत्राचा भारी अभिमान होता. राजवर्धनला तेवीस मिलिमीटरचा बारीक टायर हवा होता. मिस्त्री म्हणाले होते, ही गावातली सायकल हाय, शर्यतीतली न्हाय, बत्तीसचा घाल, बूड बी दुखायचं न्हाय. "दिसायला म्हशीगत दिसंल ओ," म्हणत पोरानं हसत हसत सही ठोकली होती.

आबा चाकाकडे बघत बोलू लागले. राजवर्धन गेला त्या रात्रीचं हे त्यांनी आजवर भेटेल त्याला सांगितलं होतं, मिस्त्रींना तर तेराव्याच्या दिवशीही.

"जेवायला थांबलो हुतो. म्हटलं कुठं ऱ्हायलास, आन फोन लावला. खिशातनं काढाय गेला आसंल, एक हात सुटला. मी फोन केला नसता तर…"

तेव्हा मिस्त्रींनी नुसती मान हलवली होती. आज मान हलेना. टायर अर्धा रिमबाहेर आला होता.

"आबा, फोन पाठीवरच्या पिशवीत हुता."

आबांनी वर पाहिलं.

"चार दुकानं सोडून पडला त्यो. पयला मी पोचलो. पिशवी मीच उतरवली. चेन बंद हुती, फोन आत वाजत हुता. त्यानं हात बी लावला नव्हता." मिस्त्रींना आता थांबणं शक्य नव्हतं. "कोपऱ्यावरच्या गटारीची जाळी हाय न्हवं, तिच्या गजांत पंचवीसची फट हाय. तेवीसचा टायर आत बसला. दुसऱ्या दिवशी पहाटं मी दोन चाकं घिऊन गेलतो. तेवीसचं आत जातंय, बत्तीसचं वरनं जातंय. बारीक टायर मी बसवला, आबा. नको म्हणत हुतो, तरी ह्याच हातानं बसवला."

बोळातून एक रिक्षा गेली.

"अकरा म्हैनं, अल्ताफ," ते म्हणाले. आजवर त्यांनी मिस्त्रींना असं एकेरी कधी हाक मारली नव्हती. "राजवर्धनची आई माझ्याशी बोलत न्हाय. ताट वाढती आन आत निघून जाती. आन तुला ठावं हुतं."

मिस्त्रींना भीती वाटली होती, एवढंच खरं होतं, आणि ते सांगायचीही लाज वाटत होती. त्यांनी खाली मान घालून ट्यूब ओढून काढली. पट्टी उघडी पडली. तिच्यावर हात ठेवावा असं त्यांना वाटलं. वाचलं तर आबा म्हणतील, हा आता पोराच्या सहीमागं लपतोय.

पण आबा स्टुलावरून उठले होते. गुडघे टेकून ते चाकाजवळ बसले आणि चष्मा सरसावून, चाक हळूहळू फिरवत वाचू लागले.

'मिस्त्री नको म्हणत होते. मी ऐकलं नाही. बारीक टायर माझ्या मर्जीने. राजवर्धन.'

वाचून झालं. त्यांनी चाक पुन्हा पहिल्यापासून फिरवलं.

"कुणाचं ऐकायचाच न्हाय," ते म्हणाले, आणि रिमला कपाळ लावून रडू लागले.

मिस्त्रींनी हात पुढे केला, पण त्यांच्या पाठीवर ठेवायचा धीर झाला नाही.

काही वेळानं आबांनी सदऱ्याच्या बाहीनं तोंड पुसलं. मिस्त्रींनी पट्टी काढून द्यायला कात्री उचलली.

"न्हाय. हाय तिथंच ऱ्हाऊ दे. वरनं बत्तीसचा घाल."

मिस्त्रींनी पट्टी नीट बसवली, ट्यूब घातली, दोन्ही चाकांना बत्तीसचे टायर चढवले, हवा भरली. अक्षर आत गेलं. एरवी तयार सायकल कोपऱ्यापर्यंत चालवून पाहिल्याशिवाय ते गिऱ्हाइकाच्या हाती देत नसत. आज आबांनी हँडल आपल्याच हातात घेतलं. पैसे विचारले नाहीत, निरोपही घेतला नाही.

सायकल हातात धरून ते कोपऱ्यावर गेले. जाळीवरून पुढचं चाक ढकललं. चाक वरून गेलं. त्यांनी ते मागं ओढलं आणि पुन्हा ढकललं. मिस्त्री पायरीवर उभे राहून बघत होते. आणखी एकदा. मग आबा सीटवर न बसता, सायकल तशीच हातानं ढकलत घराकडं वळले. पिवळ्या सायकलीची रिकामी पायडलं त्यांच्या शेजारी फिरत होती.