इथला मिक्सर

या परक्या देशाचा नागरिक झाला, तर आमच्या मालकाला बसचं स्टिअरिंग सोडून आगारात निरीक्षकाची खुर्ची मिळणार होती. शिवाय मतदान, आणि इथे राहण्याचा परवाना वाढवायच्या रांगेतून कायमची सुटका. गमावायचं एवढंच, की मायदेशी जाताना व्हिसा काढावा लागणार होता. हिशेब दुसरीतल्या पोराला जमावा इतका सोपा. मालकाला मात्र तो वर्षानुवर्षं जमला नाही. मित्रांनो, मी त्याच्या ओट्याखालचा एक जुना ट्रान्सफॉर्मर आहे, म्हणून ठाऊक.

आत तांब्याच्या तारेची वेटोळी, वर पत्र्याचा डबा, एवढाच माझा देह. मालकिणीने येताना माहेरचा मिक्सर आणला, पण इथल्या विजेचा दाब त्याला पुरेना. म्हणून मला विकत आणलं. इथली वीज घ्यायची आणि तिथल्या मिक्सरला पचेल अशी करून द्यायची, हे माझं काम. सुरुवातीला काय ते कौतुक! शेजारणी मुद्दाम बघायला यायच्या. पुढे माझ्या डोक्यावर कांद्याबटाट्यांची टोपली आली.

मालकीण म्हणायची, "अहो, इथलाच एक मिक्सर घेऊ या की."

"कशाला? परत जायचंच आहे. तिकडे तो चालायचा नाही."

"आणि नागरिकत्वाचं?"

"बघू."

त्या 'बघू'वर अख्खा संसार चालला होता, आणि तापत मी होतो. शेवटी एका सकाळी वाटण वाटताना मी धूर सोडला. दुरुस्तीवाल्याने मान हलवली. इथला मिक्सर घेणं म्हणजे इथेच राहणं, हे मालकाला कळत होतं. त्यातच निरीक्षकाची जागा त्याच महिन्यात भरणार होती, आणि तिच्यासाठी नागरिकत्वाचा अर्ज दिलेला असला तरी चालणार होतं. ओट्यावर मोबाइल ठेवून त्याने आईला फोन लावला.

"आई, इथला नागरिक होऊ का गं?"

"इतकी वर्षं 'येतोच' म्हणतोयस. येतोस तो पाहुण्यासारखा. आता रीतसर पाहुणा हो."

"रागावलीस?"

"राग कसला! दमले रे. तुझी वरची खोली झाडून झाडून गुडघे गेले माझे. आता तिथे भाडेकरू ठेवते. आणि सूनबाईला एक धड मिक्सर घेऊन दे."

मालकाने मिक्सरचं रिकामं भांडं ओट्यावरून उचलून बाजूला ठेवलं. मग नागरिकत्वाचा अर्ज भरायला गेला.

मी आता भंगाराच्या पिशवीत आहे. मित्रांनो, राबणाऱ्या यंत्राला अधूनमधून विसावा द्या. माणसांनाही द्या; त्यांना 'येतो'वर टांगून ठेवू नका. आमच्याकडे खुर्ची मुलाला मिळाली, मिक्सर सुनेला, खोली भाडेकरूला. वाट पाहण्याचं सगळं मोल मात्र म्हातारीने भरलं.