सुयांचा पाचवा डबा

“सुई कचऱ्यात टाकायची नाही. टोचून झाली की लगेच या पिवळ्या डब्यात. आणि भरलेला डबा स्वतः आणून द्यायचा, कोणाच्या हाती पाठवायचा नाही. मध्येच थांबलात तरी.”

सिस्टरांनी पहिल्या दिवशी हे सांगितलं तेव्हा मला मनातून हसू आलं होतं. मी रफूचं काम करते. कोटांना, शालींना पडलेली भोकं दिसेनाशी करते. सुई कशी सांभाळायची हे मला कोणी शिकवायला नको होतं. आणि मध्येच थांबायचं कशाला?

“आणून देईन, सिस्टर. शब्द देते.”

“सगळ्याच देतात.” सिस्टरांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. “मग फोनसुद्धा उचलत नाहीत. मी वहीत लिहिते, ‘आल्या नाहीत’. डॉक्टरांना वाटतं, दुसऱ्या दवाखान्यात गेल्या. दर वेळी दुसरीकडे जात नाहीत हो बायका.”

तो चष्मा माझ्या नवऱ्यानं केलेला होता. यांचं चष्म्यांचं दुकान दवाखान्यापासून दोन गल्ल्यांवर. मूल होत नव्हतं म्हणून त्याच ओळखीनं आम्ही तिथं गेलो होतो. परत येताना जिन्यात थांबून हे म्हणाले, “एक ठरवू या. दोघांपैकी कोणीही पुरे म्हणालं, की पुरे. का, ते विचारायचं नाही.”

मी मान डोलावली. घरी आले आणि देवापुढे बसून, यांना न सांगता, एक नेम घेतला. माझे नेम आधीच पुष्कळ. सकाळची प्रार्थना होईपर्यंत बोलायचं नाही, दुपारपर्यंत पाण्याशिवाय काही नाही, कोणाला उणं बोलायचं नाही. त्यात हा नवा: मूल होईपर्यंत ‘पुरे’ हा शब्द तोंडातून काढायचा नाही. देवाकडे पदर पसरायचा आणि इकडे पुरे म्हणायचं, हे मला पटेना.

तेव्हापासून जेवताना मी ताटावर आडवा हात धरू लागले. यांना वाढायची भारी हौस. “अगं, तोंडाला कुलूप घातलंयस का? तुझं पोट भरलं हे ओळखायला मी काय ज्योतिषी आहे?” असं म्हणून आणखी एक डाव वाढायचे. मी खायची.

रोज संध्याकाळी सात वाजता सुई. हे बर्फाचा तुकडा माझ्या पोटावर धरायचे आणि टोचताना भिंतीकडे बघायचे. टोचणारी मीच. पोटावर हिरवे-निळे डाग पडले, त्यांच्यामधली मोकळी जागा शोधणं हे एक कामच होऊन बसलं. सकाळी तपासणीला जायचं, टेबलावर पाय वर करून निजायचं, सोनोग्राफीच्या पडद्यावरचे काळे गोल मोजणाऱ्याकडे बघत राहायचं. पहिल्या वेळी काही रुजलं नाही. दुसऱ्या वेळी रुजलं आणि अकरा दिवसांनी गेलं. ते अकरा दिवस मी जिन्याची पायरीसुद्धा जपून उतरले होते.

तिसऱ्या वेळी औषध उलटलं. पोटात पाणी झालं, श्वास आत जाईना. चार दिवस दवाखान्यात उशांना टेकून बसले होते. डॉक्टर येऊन म्हणाले, “पुढच्या वेळी डोस कमी करू.” चांगला माणूस. ‘नाही’ असं कधी म्हणालाच नाही, नेहमी ‘पुढच्या वेळी’. देवाचं आणि त्यांचं उत्तर एकच.

त्या चार दिवसांत ‘पुरे’ माझ्या ओठांपर्यंत आलं होतं. मी ते गिळलं. यांना बाप व्हायचंय, मला वाटलं, आणि माझा नेम आहे.

मोठ्या जाऊबाई भेटायला आल्या. पलंगाच्या कडेला टेकत म्हणाल्या, “एवढे उपास करतेस, अजून देवाला तुझा पत्ता कसा सापडत नाही गं?” कोणाला उणं बोलायचं नाही हा माझा नेम त्या दिवशी मोडला. तोंडानं नव्हे, मनानं. मनानं मी त्यांना खूप काही बोलले.

चौथी वेळ झाली. पाचवी झाली. पाचवा डबा भरला तो मात्र मी नेऊन दिला नाही. कपाटात लोकांच्या कोटांमागे ढकलून ठेवला. कोट काढताना तो आतून खुळखुळायचा.

सहाव्या वेळेची औषधं आणायला गेले, तेव्हा सिस्टरांनी नवा रिकामा डबा टेबलावर ठेवला. “पाचवा राहिलाय तुमच्याकडे.”

“आणते.”

त्यांनी दार लोटून घेतलं. “एक सांगू? रागावू नका. तुमचे मिस्टर दुसऱ्या वेळेपासून मला विचारतायत. चष्म्याचा नंबर तपासायला जाते, तेव्हा भिंग बदलता बदलता विचारतात, ‘सिस्टर, ती थांबू या असं काही म्हणाली का?’ मी म्हणते, ‘नाही.’ मग पुढचं भिंग लावतात. परवा म्हणाले, ‘मी वाट बघून थकलो. पण तोंड तिनंच उघडायला हवं, शरीर तिचं आहे.’”

मी औषधं तिथंच ठेवली आणि रिकामा डबा हातात धरून सरळ दुकानात गेले. हे एका फ्रेमची दांडी सरळ करत होते. गिऱ्हाईक नव्हतं.

“दुसऱ्या वेळेनंतरच थांबायचं होतं तुम्हाला?”

यांनी डब्याकडे पाहिलं. स्क्रू शोधायचं नाटक केलं. “म्हणजे सिस्टर बोलल्या.”

“मग बोलला का नाहीत?”

“मी म्हणालो असतो, तर तू थांबली असतीस. शब्द पाळणारी आहेस. आणि जन्मभर रोज सकाळी देवापुढे बसून मनात म्हणाली असतीस, यांनी थांबवलं.”

खोटं नव्हतं ते. म्हणूनच झोंबलं.

“आणि तू?” हे म्हणाले. “तिसऱ्या वेळी मरता मरता वाचलीस, तरी ब्र काढला नाहीस. मला वाटलं, हिला हवंच आहे. मग मी कोण आडवा येणारा?”

“माझा नेम होता. पुरे म्हणायचं नाही असा.”

हे हसले, आणि ते हसू चांगलं नव्हतं. “म्हणजे मी तुझ्या तोंडाकडे बघत बसलो, आणि तोंडाला तू देवाचं कुलूप घातलंस. तीन वेळा, अगं! तीन वेळा आपण कोणासाठी गेलो तिथं?”

“एकमेकांसाठी.”

“वा! भलेपणा उतू चाललाय नुसता.”

काचेच्या कपाटात फ्रेमा ओळीनं लावलेल्या होत्या. पन्नास चष्मे आमच्याकडे बघत होते, एकाच्याही मागे डोळे नव्हते. मी डबा काउंटरवर ठेवला. देवाला विचारलं नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

“थांबू या,” मी म्हणाले. “पुरे.”

मला वाटलं होतं, हा शब्द बाहेर पडला की हलकं वाटेल. तसं काही झालं नाही. चार दिवस उशांना टेकून घेतलेला एकेक श्वास आठवला, आणि समोरच्या माणसाचा राग आला. त्याहून जास्त माझ्या शहाण्या, नेमस्त तोंडाचा.

यांनी फ्रेम खाली ठेवली. “हे तेव्हा म्हणाली असतीस तर?”

“विचारायचं नाही असं ठरलं होतं.”

“‘का’ विचारायचं नाही असं ठरलं होतं. मी ‘कधी’ विचारतोय.”

आम्ही दुकान वेळेवर बंद केलं, रिकामा डबा मी उचलला आणि एकमेकांपासून हातभर अंतर ठेवून घरी गेलो. जेवताना यांनी डाव उचलला, माझ्या ताटाकडे पाहिलं आणि न वाढताच खाली ठेवला.

आज सकाळी मी प्रार्थनेला बसले. मागायला काही नव्हतं, म्हणून नुसतीच बसले. उठून कपाटातले कोट बाजूला केले आणि पाचवा डबा काढला.

हे दारात उभे होते. “मी येऊ बरोबर? फोन करून कळवलं तरी चालेल त्यांना.”

“नको. शब्द मी दिला होता.”

“वहीत लिहितीलच त्या, आल्या नाहीत म्हणून.”

“म्हणूनच जाते.”

चपला घातल्या. नवा रिकामा डबा पिशवीत टाकला. भरलेला डबा जिन्यात खुळखुळायला लागला, तेव्हा मी तो दोन्ही हातांनी पोटाशी धरला, आणि एकेक पायरी जपून उतरले.