वाघ विचारून खात नाही

वर्षातून एकदा त्या छावणीत सगळे सज्जन होत. त्या दिवसाचं सरकारी नाव ‘छळ व भेदभाव प्रतिबंध प्रशिक्षण’. सभागृहात पंखे पुसले जात, पुढच्या खुर्च्यांवर पांढरे अभ्रे चढत, आणि ‘गैरवर्तन कसे ओळखावे’ याचं एक छोटं नाटुकलं मंचावर होई. या प्रतिबंधाचे छावणीतले प्रमुख कोण, तर मेजरसाहेब. म्हणजे दुधाच्या राखणीला बोकाच नेमला होता, आणि तोही मिशा चाटणारा!

यंदा नाटुकल्यात छळणाऱ्या अधिकाऱ्याचं काम मेजरने स्वतःकडे घेतलं आणि छळ होणाऱ्या मुलीचं काम दिलं वायरलेसवालीला. महिन्यापूर्वी तिनेच त्याच्याविरुद्ध तक्रार केली होती.

ती वायरलेसमागच्या खोलीत बॅटऱ्या मोजत असताना त्याने आत येऊन दार लावलं होतं. काय केलं, काय बोलला, ते तिने शब्दन् शब्द चौकशीत सांगितलं. चौकशीला तिघे बसले होते. तिघांची मिळून एक अक्कल, आणि तीही मेजरकडे गहाण.

“साक्षीदार कोण?” त्यांनी विचारलं.

“दार त्यांनी लावून घेतलं होतं, सर.”

“म्हणजे नाही. आणि हे वाघाबिघाचं वाक्य? इतका मोठा अधिकारी असं सिनेमातलं बोलेल?”

मग बाहेर कुणाजवळ ब्र काढायचा नाही, असं बजावून तिला परत पाठवलं. तिनेही काढला नाही. आज वरच्या कार्यालयातून कर्नलबाई आल्या होत्या. संध्याकाळी त्या प्रकरणावर शेवटची सही करणार होत्या. तक्रार खोटी ठरली की वायरलेस सुटलं, आणि कपाळावर ‘खोटारडी’ हा शिक्का कायमचा.

सकाळी तिने आत्याला फोन केला. आई गेल्यावर आत्यानेच तिला वाढवलं होतं.

“मला त्याच्यासोबत मंचावर उभं करतायत, आत्या. नाही म्हटलं तर हुकूम मोडला, उभी राहिले तर म्हणतील, बघा, कशी हसतखेळत नाटक करतेय.”

“उभी राहा,” आत्या म्हणाली. “पण हसू नकोस. त्याचं पाप त्यालाच वाहू दे, तू कशाला हातभार लावतेस? वरचा बघतोय गं बाई.”

“वरच्यांनीच त्याला प्रमुख केलंय.”

“त्यांच्याही वरचा म्हणतेय मी!”

सभागृह भरलं. मेजर मंचावर आला तो नवरदेवासारखा. संहिता त्याने एकदा चाळली असेल-नसेल; पाठांतर हे खालच्या लोकांचं काम. पहिलं वाक्य त्याला आठवलं, “आज फार छान दिसतेस.” त्यावर मुलीने म्हणायचं होतं, “सर, हे नियमांविरुद्ध आहे,” मग टाळ्या, मग चहा.

वायरलेसवालीने ते म्हटलं नाही. बॅटऱ्यांच्या खोलीत केलं होतं तेच तिने केलं. दोन पावलं मागे सरली, पाठ भिंतीला लावली, हात छातीशी घट्ट धरले आणि त्याच्याकडे बघत राहिली.

मेजरची पंचाईत झाली. पुढचं वाक्य मुलीचं, आणि मुलगी गप्प. पुढच्या रांगेत कर्नलबाई. डोक्यात काही नसलं की माणसाची जीभ तिच्या रोजच्या वाटेला लागते. तो मान तिरकी करून एक पाऊल पुढे आला.

“घाबरतेस कशाला? मी काय वाघ आहे?”

आणि मिशीला बोट लावून थांबला. नेहमी तिथेच थांबायचा.

बुवांनी चरण अर्धा सोडावा आणि मागच्या टाळकऱ्यांनी अचूक उचलावा, तसं झालं. मागच्या रांगेतून ट्रकवाली, दाराजवळून दवाखान्यातली नर्स आणि स्वयंपाकघराच्या बाजूने मुदपाकवाली, तिघींच्या तोंडून ते एकदमच निघालं.

“वाघ विचारून खात नाही, मी विचारतो तरी!”

तिघी दचकून एकमेकींकडे बघू लागल्या. प्रत्येकीला वाटत होतं, ते वाक्य आपल्या एकटीच्याच वाट्याला आलंय. अरेरे, पाप करायलाही या माणसाकडे दुसरं वाक्य नव्हतं!

कुणीतरी फिस्सकन हसलं आणि लगेच गप्प झालं. कर्नलबाई उठल्या. “तुम्हाला हे कसं माहीत?”

“पाठ आहे, मॅडम,” ट्रकवाली म्हणाली. “गॅरेजमध्ये ऐकलंय. दोनदा.”

नर्स नुसती होकाराची मान हलवत राहिली. मुदपाकवाली मात्र पदर नसतानाही खोचल्यासारखा हात कमरेवर ठेवून म्हणाली, “मला तर कांद्याच्या पोत्यांत म्हणाला होता, मेला!”

“मॅडम, हे नाटकातलंच...” मेजर मंचावरून म्हणाला.

“संहिता माझ्या हातात आहे, मेजर. हिच्यात वाघ नाही.” कर्नलबाईंनी संहिता मिटली. “वाघ मी एकाच ठिकाणी वाचलाय.”

चौकशीचे तिघे आपापल्या बुटांची लकाकी तपासू लागले.

“तुमचं काय म्हणणं आहे?” बाईंनी वायरलेसवालीला विचारलं.

तिने भिंतीला टेकलेली पाठ सोडवली. मेजर अजून मिशीला बोट लावून उभा होता. ते खाली घ्यायचंही त्याला सुचलं नव्हतं. तिने त्याच्याकडे पाहिलं ते चपलेला लागलेल्या शेणाकडे पाहावं तसं, आणि त्याला वळसा घालून ती पायऱ्या उतरली.

“माझं सांगून झालंय, मॅडम. आता यांचं ऐका,” ती म्हणाली, आणि मागच्या रांगेत जाऊन नर्सच्या शेजारी बसली.