लांब वळणासाठी चेंबर

थोरलीने दोन्ही चेंबर उस्तादांच्या गॅरेजमधल्या लाकडी फळीवर शेजारी शेजारी मांडले, तेव्हा काकाने चष्मा कपाळावर चढवला आणि उस्तादांनी आपला नाकावर ओढला. म्हणजे आता जुंपणार, हे नक्की झालं.

चेंबर म्हणजे इंजिनाच्या बुडाशी असणारी तेलाची परात. इंजिन त्यातलंच तेल एका नळीने वर ओढून घेतं आणि तेच पुन्हा खाली गळू देतं. साध्या गाडीला कंपनीचा चेंबर जन्मभर पुरतो. पण बाबांची ‘बुटकी’ ही साधी गाडी नव्हती. दोन सीटची, पिवळी, जमिनीला चिकटलेली. रस्त्यावर ती पाहुण्यासारखी अवघडून चालायची. तिचं खरं माहेर म्हणजे शहराबाहेरचा रेसचा ट्रॅक. त्या ट्रॅकच्या टोकाला उजवीकडे एक लांबच लांब वळण आहे. तिथे वेगात शिरलं की तेल सगळं एका बाजूला चढून बसतं, नळी तेलाऐवजी हवा ओढते, आणि पुढचे दोन-तीन सेकंद इंजिन कोरडं फिरतं. तेवढे पुरतात. बाबांचं आधीचं इंजिन असंच त्या वळणावर जाम झालं होतं.

त्यानंतर चार वर्षं खपून बाबांनी नवं इंजिन स्वतःच्या हाताने जुळवलं. एकेक बेअरिंग तीनतीनदा मोजलं. मग एका संध्याकाळी ते सुरू करून, शेजारी स्टूल टाकून, अर्धा तास नुसते ऐकत बसले. आठ महिन्यांपूर्वी ते गेले. इंजिन ट्रॅकवर गेलंच नाही.

येत्या शनिवारी ट्रॅक सगळ्यांसाठी खुला होता. इंजिन त्या दिवशी पूर्ण ताकदीने पळायचं आणि धडधाकट परत यायचं, एवढं थोरलीने ठरवलं होतं. बिघडलं असतं तर पुन्हा तसं जुळवणारा माणूस आता नव्हता.

"हा घे," काकाने रुंद चेंबरवर टिचकी मारली. त्याला दोन्ही बाजूंना हत्तीसारखे कान होते. "दोन लिटर तेल जास्त मावतं. जास्त तेल म्हणजे जास्त निश्चिंती. साधा हिशेब."

"साधाच आहे," उस्ताद म्हणाले. "वळणावर ते दोन लिटर कानात जाऊन बसणार. मग नळीने काय ओढायचं, तुमचा हिशेब?" त्यांनी दुसरा चेंबर पुढे सरकवला. हा अरुंद, पण दोन बोटं जास्त खोल. आत पत्र्याच्या भिंतींची एक खोली, आणि त्या खोलीला चार छोटी दारं, फक्त आतल्या बाजूला उघडणारी. "तेल आत येईल. बाहेर जायला लागलं की दारं आपटून बंद."

"दारंबिरं म्हणजे बिघडायला चार जागा."

"तुमच्या वर्गाला दार आहे ना? बिघडलं कधी?"

काका शाळेत भूमिती शिकवत असे, आणि वाद हरायला लागला की फळा शोधत असे. इथे फळा नव्हता म्हणून त्याने खडूने जमिनीवरच वर्तुळ काढलं. "त्या वळणावर गाडीला जितका आडवा जोर बसतो, तो जवळपास तिच्या वजनाइतकाच. बरोबर? खाली तेवढाच, बाजूला तेवढाच. म्हणजे तेलाची पातळी किती कलणार? पंचेचाळीस अंश! मग भांडायचं कशाला? चेंबर पंचेचाळीस अंशांत कलवा आणि बघा."

उस्तादांनी थोरलीकडे पाहिलं. "चाळीस वर्षांत तुझा काका पहिल्यांदा कामाचं बोलला."

"आजची तारीख लिहून ठेवते," थोरली म्हणाली.

तिने चेंबरमध्ये नळीचं तोंड जिथे येतं तिथे पांढरी फुली मारली. सकाळचा उरलेला चहा बादलीभर पाण्यात ओतला, म्हणजे पातळी नीट दिसेल. काकाने पिशवीतून वर्गातला मोठा, पंचेचाळीस अंशांचा लाकडी गुण्या काढला. तो बरोबर आणलेला होता. म्हणजे प्रयोग त्याच्या डोक्यात घरूनच शिजत होता.

पहिला मान अर्थातच त्याच्या चेंबरचा. काकाने एक बाजू धरून हळूहळू उचलली. वीस अंशांवर पाणी कानात शिरलं. तिसावर फुली उघडी पडली, कोरडी ठणठणीत. "थांब, थांब, अजून पंचेचाळीस व्हायचेत," म्हणत त्याने आणखी उचललं, आणि उरलेलं सगळं पाणी कानावरून उसळून त्याच्या विजारीवर आलं.

"हे ते जास्तीचे दोन लिटर," उस्ताद गंभीरपणे म्हणाले.

थोरली फळीला धरून हसत राहिली. कितीतरी दिवसांनी पोट दुखेपर्यंत.

खोल चेंबर मात्र उचलताच आतून खट् खट् असा आवाज आला. दारं मिटली. गुण्याची तिरकी बाजू चेंबरच्या बुडाला लागली तरी फुलीवर चार बोटं पाणी होतंच. काकाने वाकून पाहिलं, पुन्हा पाहिलं, आणि ओली विजार झटकत म्हणाला, "भूमिती जिंकली."

जुना चेंबर उतरवून नवा चढवेपर्यंत दुपार झाली. नळी दोन बोटं लांब करावी लागली, सगळे बोल्ट उस्तादांनी ठरल्या क्रमाने, समोरासमोरचे असे आवळले. मग आला ठरावीक जाडीचा लाकडी गुटका. उस्तादांच्या गॅरेजचा हा एकच कायदा होता: चालवणारा आत बसलेला असताना गाडीच्या सगळ्यात खालच्या भागाखालून तो लाकडी ठोकळा आडवा सरकला पाहिजे. नाही सरकला तर गाडी ट्रॅकवर जाणार नाही, मग ती राजाची असो. मोजताना कोणाला ताटकळत बसवायला नको म्हणून सीटवर वाळूची पोती ठेवून पट्टा लावायचा, ही तिथली रीत.

उस्ताद जमिनीवर पालथे झाले. गुटका चाकामागून निघाला, चेंबरपर्यंत आला आणि अडला. त्यांनी काढला, पुसला, पुन्हा घातला. अडला.

"किती?" थोरलीने विचारलं.

"दोन पोस्टकार्डांची जाडी. फार तर तीन."

"स्प्रिंगा थोड्या चढवल्या तर?"

"हात लावायचा नाही," उस्ताद गाडीखालूनच म्हणाले. "ती उंची बसवायला तुझ्या बापाने आणि मी दोन उन्हाळे घातलेत. ट्रॅकवर कुठे दगड आहे, कुठे खड्डा, ते धरून बसवलीय. एक आटा फिरवला तर सगळं फिरलं."

"मग?"

"मग हा शनिवार राहू दे. दुसरा एखादा चेंबर बघू."

तिसरा चेंबर मागवला तर यायला दोन महिने, आणि तोवर ट्रॅक बंद. हे तिघांनाही माहीत होतं. थोरलीने फळीवरचे पाने आकाराप्रमाणे लावायला घेतले. ते लावलेलेच होते.

तेवढ्यात आई जेवणाचा डबा घेऊन आली. आठ महिन्यांत ती गॅरेजच्या पायरीच्या आत आली नव्हती. आजही ती डबा दारातच ठेवून फिरणार होती, पण तिची नजर बुटकीवर गेली. सीटवर चार पोती एकावर एक, वर एक छोटं, आणि छातीवरून आडवा पट्टा.

"हे कोण बसलंय?" आईने विचारलं.

"वजन आहे, वहिनी," उस्ताद उठून बसले. "चालवणाऱ्याचं. वीसवीसची चार. ऐंशी किलो."

"ऐंशी?" आई दोन पावलं आत आली. "यांनी तुम्हाला ऐंशी सांगितलं होतं?"

उस्तादांनी हातातल्या फडक्याची उगाचच घडी केली. "सांगितलं होतं. म्हणून वरचं अर्धं पोतं मी माझ्या मनाने टाकलं. त्यांना बोललो नाही."

"एक्क्याण्णव!" आई म्हणाली. "डॉक्टरांकडे काट्यावर चढताना बूट काढायचे, पट्टा काढायचे, पाकीटसुद्धा माझ्या हातात द्यायचे. म्हणे, हाडं जड आहेत." तिने तोंडाला पदर लावला. थोरली घाबरून पुढे झाली, आणि मग तिच्या लक्षात आलं की आई हसते आहे. खांदे हलवत, आवाज न करता, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

हसू ओसरल्यावर आईने गाडीच्या दारावर हात टेकला. "पण शनिवारी चालवणार ही ना?"

काकाने खडूचं वर्तुळ, गुण्या आणि पोती यांच्याकडे आळीपाळीने पाहिलं.

"मी मुलांना भूमिती शिकवतो," तो कोणालाच उद्देशून नसल्यासारखं म्हणाला.

उस्तादांनी एकेक पोतं उतरवलं. शेवटचं जरा वेळ हातात धरलं, मग भिंतीशी ठेवलं. थोरली आत बसली. तिचं वजन चौपन्न. पट्टा लावला, हात स्टिअरिंगवर ठेवले आणि श्वास रोखून धरला, जणू श्वासानेही गाडी खाली बसेल. खालून लाकूड सिमेंटवर घासल्याचा आवाज आला. तो थांबला नाही. चाकामागून निघालेला गुटका पलीकडच्या बाजूने आईच्या चपलेपाशी बाहेर आला.

"जेवलीस का?" गाडीखालून उस्तादांनी विचारलं.

"नाही अजून."

"मग जेव, आणि परत बस."

जेवून बसली तरी गुटका सरकला. काकाने दोन घास जास्त वाढून पाहिले, तरी सरकला.

मग उस्तादांनी पुढच्या चाकांशी उकिडवं बसून दोन्ही बाजूंची उंची मोजली. शेवटी म्हणाले, "तुझ्या वजनाला गाडी उजवीकडे वर राहतेय. अशी वळणावर बिथरेल. आण तो मोठा पाना. मग गुटका पुन्हा घालून बघू." आणि ज्या स्प्रिंगांना हात लावायचा नव्हता, त्यांचा पहिला आटा त्यांनी स्वतः फिरवला.

शनिवारी ऊन स्वच्छ होतं. ठरलं होतं असं: पाच फेऱ्या, पहिल्या दोन सावकाश, आणि लांब वळणात एकदा तरी तेलाचा दाब दाखवणाऱ्या काट्याकडे बघायचं. काटा झुकला की पाय वर, गाडी कडेला, प्रश्न नाही.

तिसऱ्या फेरीला तिने पाय पूर्ण दाबला. इंजिनाचा आवाज पाठीच्या मणक्यातून वर आला. वळण उघडलं, आणि उघडतच गेलं. डोकं एका बाजूला ओढलं गेलं, गाल ओढले गेले, चाकं बारीक किंचाळत धरून राहिली. तिने काट्याकडे पाहिलं. जागचा हलला नव्हता. वळणाच्या मध्यावर पुन्हा पाहिलं. काटा आपल्या जागी, ऑफिसात शेवटपर्यंत बसणाऱ्या कारकुनासारखा. तिच्या तोंडून जो आवाज निघाला तो हेल्मेटमध्येच राहिला म्हणून बरं.

या जागी आपल्याला बाबा आठवतील, असं तिने आठवडाभर धरून ठेवलं होतं. वळण संपून गाडी सरळ झाल्यावर तिला कळलं की आपण फक्त पुढच्या कडेचा, आणि तिथून किती लवकर पाय दाबता येईल याचा विचार करत होतो. तिला ते आवडलं. त्यांनाही तिथे दुसरं काही सुचत नसे.

पाचाच्या नऊ फेऱ्या झाल्या. ती थांबते न थांबते तोच उस्ताद टॉर्च घेऊन खाली शिरले. शिव्या खालूनच चालू होत्या: बेजबाबदार, आडमुठी, बापाच्या वर. मग त्यांनी चेंबरवरून हात फिरवला. "बाहेरून कोरडा आहे," ते म्हणाले. "एक थेंब गळला नाही."

"काटा?" काका खिडकीत वाकला. "काटा काय म्हणाला?"

थोरलीने हेल्मेट काढलं. केस कपाळाला चिकटले होते, बोलायला दम नव्हता. तिने एक बोट सरळ उभं धरलं आणि जराही हलू दिलं नाही. कठड्याशी उभ्या आईला ते काकाच्या खांद्यावरून दिसलं, आणि तिनेही आपलं बोट उभं करून दाखवलं.

"पेट्रोल घाला," दम आल्यावर थोरली म्हणाली. "ट्रॅक चारपर्यंत उघडा आहे."