ठेच्याच्या खलात कडुनिंब

मी एक जुना दगडी खल आहे. निडी गावच्या गिरजाबाईंच्या मागच्या पडवीत माझा मुक्काम. घरात मिक्सर आला, तरी ठेच्याला मीच लागायचो. मिरच्या, लसूण, मीठ आणि वरून बत्त्याचा दणका! पण काम झालं की पाण्याचा एक हबका, एवढीच माझी आंघोळ.

मित्रांनो, गिरजाबाईंची भाची मनस्वी रोह्याच्या कॉलेजात जाते. पेणच्या वक्तृत्व स्पर्धेसाठी तिची निवड झाली, आणि ती रडतच घरी आली.

"मी नाय जायची, आत्ये! बोलताना मान हलली की खांद्यावर कोंडा पडतो. मागच्या वेळी पोरी हसल्या."

"अगो, कडुनिंब दारात हाय. पाला वाटून लाव!"

मनस्वीला कुठला धीर! तिने पाला ओरबाडला आणि माझ्यात कुटला. माझ्या खाचांत सकाळचा ठेचा तसाच होता! पण मी ओरडणार कसा? लेप डोक्याला लागला मात्र, "आत्ये, मेले गो!" करत पोर विहिरीकडे धावली. गिरजाबाईंनी ताकाने तिचं डोकं धुतलं.

"फेकून दे तो खल!" मनस्वी तणतणली. माझं दगडाचं काळीजही लटपटलं.

"खलाचं काय चुकलं? घासलंस का त्याला?"

मग गिरजाबाईंनी मला राखेने, काथ्याने खसाखसा घासलं, उन्हात वाळवलं. मनस्वीच्या डोक्याची आग पुरती शमल्यावर पुन्हा पाला कुटला. रस फडक्यातून गाळला, पाणी घालून पातळ केला आणि आधी कानामागे थेंबभर लावून बघितला. काही झालं नाही! मग एक दिवसाआड असाच ताजा रस डोक्याला. हळूहळू खाज थांबली, कोंडा सरला.

स्पर्धेला मनस्वी मुद्दाम काळा कुर्ता घालून गेली. संध्याकाळी फाटकातूनच तिची आरोळी आली, "आत्ये, बघ गो! खांद्यावर एक कण नाय!"

"आणि नंबर?"

"नाय आला! पण मान हलवून हलवून बोलले!"

दोघी हसत सुटल्या. दुसऱ्या दिवशी शेजारची मालू ओंजळभर पाला घेऊन हजर! गिरजाबाई तिला म्हणाल्या, "लाव, पण आधी थेंबभरच. कोंडा नाय गेला तर डॉक्टरला दाखव."

मित्रांनो, मला जरूर वापरा, पण आधी घासा. दगडाला मन नसतं म्हणतात, पण काल काय कुटलं ते तो विसरत नाही!